यानाला चंद्रावरचे खड्डे दिसतात, आमचं वावर काहून दिसत नाही?



२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चं विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरलं. केळापूर तालुक्यातल्या एका गावात विहाराच्या ओट्यावर एका मोबाइलभोवती आम्ही दहा-बारा जण दाटीवाटीनं बसलो होतो. यान उतरलं आणि पोरांनी एकच गलका केला. पाच मिनिटांत आमच्यातच दोन तट पडले. एकानं तिरंग्याचा स्टेटस ठेवला. दुसऱ्यानं लिहिलं, 'चंद्रावर पोचलात, गटारातल्या माणसाला वर कधी काढणार?' पहिला म्हणाला, आजच्या दिवशी तरी गप बस. दुसरा म्हणाला, गप बसवण्यासाठीच तर हे तमाशे असतात.

पलीकडे गहू निवडत बसलेली मावशी हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "पोट्टेहो, त्या यानाले इतक्या दुरून चंद्रावरचे खड्डे दिसते म्हन्ता. मंग आमचं वावर नाई दिसत काय? दिसत असन त साहेबाले सांगा नं, का हे बाई चाळीस वर्सापासून इथं पेरते म्हनून."

मावशीचं वावर गायरानात आहे. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. २०२२ च्या शेवटी अतिक्रमण काढण्याच्या ज्या नोटिसा महाराष्ट्रभर निघाल्या, त्यातली एक तिच्याही दारावर चिकटली होती. तिचा प्रश्न ऐकून आमचे दोन्ही तट गप झाले. तिरंगावाल्याकडे उत्तर नव्हतं आणि गटारवाल्याकडेही नव्हतं. तेव्हापासून आम्ही त्या प्रश्नाच्या मागे लागलो. हा लेख म्हणजे त्याचंच उत्तर आहे, आणि ते उत्तर आपल्या चळवळीतल्या पुष्कळांना आवडणार नाही.

आधी आपल्याच माणसांशी भांडू

'चंद्रावर यान आणि गटारात माणूस' हे वाक्य आम्हीही सभांमधून फेकलेलं आहे. टाळ्या मिळतात. त्यातली चीड शंभर टक्के खरी आहे. हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये करा असं सांगावं लागलं. म्हणजे कायदा होऊन दहा वर्षं झाली तरी मरण थांबलेलं नव्हतं.

पण त्या वाक्यात एक छुपा हिशोब आहे. रॉकेट थांबवलं की गटारासाठी पैसा मिळेल, असा. तो हिशोब एकदा मांडूनच बघू. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात अंतराळ विभागाला सुमारे १२,५४४ कोटी रुपये होते आणि केंद्राचा एकूण खर्च सुमारे ४५ लाख कोटींचा होता. शंभर रुपयांतले अठ्ठावीस पैसे. उरलेल्या नव्याण्णव रुपये बहात्तर पैशांनी गटारातला माणूस वर आला का? गटार साफ करणारा यंत्रमानव २०१८ मध्येच तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला, आणि तो काही अंतराळ संस्थेनं बनवलेला नव्हता, केरळच्या तरुण अभियंत्यांनी बनवला होता. यंत्र आहे, पैसा आहे, कायदा आहे. तरी माणूस उतरवला जातो, कारण उतरणाऱ्याची जात ठरलेली आहे आणि त्याच्या जिवाची किंमत यंत्राच्या भाड्यापेक्षा कमी धरलेली आहे. हा गुन्हा जातीचा आहे. तो रॉकेटवर ढकलला की खरा गुन्हेगार सुटतो.

आणि दुसरं. आपण विज्ञानाला 'त्यांचं' म्हणून हिणवलं की ते खरोखर त्यांचंच होऊन जातं. बाबासाहेबांनी हे कधीच केलं नाही. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडलं होतं की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अनुसूचित जातींचं फारसं भलं होणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण हवं, आणि त्यासाठी सरकारनं पैसा द्यावा. स्वतः बॅरिस्टर आणि अर्थशास्त्रज्ञ असलेला माणूस हे म्हणत होता. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात चरख्याकडे परत जाण्याच्या विचाराला उत्तर देताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली. यंत्रानं माणसाचं नुकसान झालं असेल तर त्याचा दोष यंत्राच्या माथी मारू नका, ज्या समाजरचनेत त्याचा लाभ मूठभरांच्या घशात जातो त्या रचनेला दोष द्या, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. ज्याच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या फक्त अंगमेहनत आली, त्याला यंत्रच उसंत देऊ शकतं हे त्यांना नीट माहीत होतं.

तेव्हा रॉकेटला शिव्या देणं हा आंबेडकरवाद नव्हे. रॉकेटचा लाभ कोणाच्या घशात जातो हे विचारणं हा आंबेडकरवाद आहे.

वरचं खाली कसं येतं

अंतराळामुळे जमिनीवर काय मिळालं, याच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात. त्यातल्या निम्म्या थापा असतात. टेफ्लॉन चंद्रमोहिमेतून आलं म्हणतात. ते १९३८ मध्ये अमेरिकेतल्या एका रसायन कंपनीत सापडलं. वेल्क्रोची पट्टी एका स्विस माणसानं शोधली. खोट्या याद्यांची आपल्याला गरज नाही, खऱ्या गोष्टी पुरेशा आहेत.

अंतराळात पाठवायच्या वस्तूला तीन अटी असतात. वजन कमी हवं, वीज कमी खायला हवी आणि बिघडली तर दुरुस्त करायला कोणी जाणार नाही. या अटी इतक्या जाचक असतात की माणसाला नवं काही शोधावंच लागतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांच्या गटाला यानांसाठी लहान आणि कमी वीज खाणारा कॅमेरा हवा होता. त्यातून कॅमेऱ्याची जी चिप तयार झाली, तिचीच भावंडं आज आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. खैरलांजीनंतरच्या काळात अत्याचाराचे किती व्हिडिओ केवळ खिशात कॅमेरा होता म्हणून जगासमोर आले, याचा विचार करा.

आपल्या देशातलं उदाहरण तर याहून मजेदार आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या उपग्रहावरून भारतातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरदर्शनचे कार्यक्रम थेट पोचवण्याचा प्रयोग झाला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. गावोगाव बसवायला महागडी तबकडी परवडणार नव्हती. म्हणून आपल्या अभियंत्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचा तीन मीटरचा अँटेना बनवला. उपग्रह वर ३६,००० किलोमीटरवर आणि खाली कोंबडीची जाळी. गरीब गावासाठी काही करायचं ठरवलं की तंत्रज्ञान गरिबासारखंही होऊ शकतं, याचा हा पुरावा. पण तो टीव्ही गावात नेमका कुठं ठेवायचा, हा प्रश्न मात्र अभियंत्याच्या हातातला नव्हता. देवळाच्या सभामंडपात ठेवला तर बघणार कोण आणि बाहेर उभं राहणार कोण, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

तिसरी गोष्ट आपल्या वावराशी जोडलेली आहे. १९७० मध्ये केरळात नारळाच्या झाडांना रोग पडला होता. पिशरोटी नावाच्या शास्त्रज्ञांच्या गटानं हेलिकॉप्टरमधून अवरक्त किरणांची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची, छायाचित्रं घेतली. निरोगी पान लाल प्रकाश खातं आणि अवरक्त प्रकाश परत फेकतं. रोगट पान तितकं फेकत नाही. आजारी झाडं त्या चित्रांत वेगळी दिसली. हीच युक्ती पुढं उपग्रहात बसली. १७ मार्च १९८८ रोजी आपला पहिला पूर्ण दर्जाचा सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए वर गेला. आज पीकपाणी, पूर, दुष्काळ, जंगल, भूजल हे सगळं याच वाटेनं मोजलं जातं.

म्हणजे मावशीच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर असं आहे. होय, मावशी, तुझं वावर दिसतं. रोज नाही, पण दर काही दिवसांनी दिसतं. १९८० च्या दशकापासून दिसतं आहे.

मग अडतं कुठं?

अडतं खाली. उपग्रहाला जात माहीत नसते. पण त्याचं चित्र ज्या टेबलावर उतरतं, तिथं जातही असते आणि सातबाराही असतो.

एकेक बघू.

ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ती सुरू झाली. शेतकऱ्यानं वावरात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, आणि जागा कोणती ते जीपीएस सांगणार. हे जीपीएस म्हणजे जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरणाऱ्या उपग्रहांचा ताफा. प्रत्येकात अणुघड्याळ आहे. किमान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोचले यावरून तुमची जागा काढली जाते. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागा तीनशे मीटरनं चुकते, म्हणजे तुमच्या वावरातून थेट दुसऱ्याच्या बांधावर. इतकं बारीक काम! पण ॲप उघडलं की आधी गट नंबर आणि खातेदार विचारतो. मावशी खातेदार नाही. बटईनं करणारा आमचा भाऊ खातेदार नाही. कपाशी छातीएवढी उभी आहे, उपग्रहाला तिची जागा माहीत आहे, पण ॲपमध्ये ती पेरलेलीच नाही. पेरलेली नाही म्हणून विमा नाही, आणि अतिवृष्टीचं अनुदान आलं की ते सातबाऱ्यावरच्या मालकाच्या खात्यात.

पीक विमा घ्या. उत्पन्नाचा अंदाज काढताना उपग्रहावरून काढलेल्या आकड्याला काही वजन देण्याची पद्धत २०२३ पासून सुरू झाली. साहेब म्हणतात, आता माणसाची लबाडी चालणार नाही. ठीक आहे. पण २०१७ चा हंगाम आठवा. गुलाबी बोंडअळीनं आपल्या जिल्ह्यातली कपाशी आतून खाल्ली. झाड हिरवंगार, पानं टवटवीत, आणि बोंड फोडलं तर आत किडकी सरकी. उपग्रह पानाचा हिरवेपणा मोजतो, बोंडाच्या आत तो शिरत नाही. नुसत्या त्याच्या भरवशावर राहिलात तर बुडालेला शेतकरी कागदावर सुखी दिसेल. म्हणून गावात येऊन केलेला पीक कापणी प्रयोग आणि पंचनामा सोडायचा नाही. उपग्रह साक्षीदार आहे, त्याला न्यायाधीश करू नका.

वनहक्काचे दावे घ्या. आपल्या तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ पूर्वी कसत असलेल्या आदिवासीला हक्क दिला. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना काढण्याचा आदेश दिला आणि त्यातच भारतीय वन सर्वेक्षण संस्थेला उपग्रहानं अतिक्रमणांची पाहणी करायला सांगितलं. देशभर ओरड झाल्यावर २८ फेब्रुवारीला बेदखलीला स्थगिती मिळाली. यात मेख कुठं आहे बघा. कोरडवाहू वावर जून ते डिसेंबर हिरवं असतं. एप्रिल-मे मधलं चित्र काढलं तर तिथं मोकळी माती दिसते. चित्र खोटं नाही, तारीख सोयीची आहे. म्हणूनच २०१२ च्या सुधारित नियमांनी सांगून ठेवलंय की उपग्रहाचं चित्र हा पूरक पुरावा आहे, तो दावेदाराच्या इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही. गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब हाही कायद्यानं पुरावाच आहे. हा नियम आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे?

आणि त्या जंगलाशेजारच्या दलितांचं काय? त्यांना कायदा 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणतो आणि तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास मागतो. २००५ मधून ७५ वजा करा, १९३० येतं. पहिला कृत्रिम उपग्रह ४ ऑक्टोबर १९५७ रोजी वर गेला. १९३० चं चित्र कुठून आणायचं? ज्यांना गावानं स्वतःच्या नोंदवहीत कधी नीट लिहिलं नाही, त्यांच्याकडे पाऊणशे वर्षांचा कागद मागणं म्हणजे शिक्षणाला बंदी करून पदवी मागण्यासारखंच आहे.

आता याच्या शेजारी एक गोष्ट ठेवा. २०१९ मध्ये आपल्या पांढरकवडा वन विभागातल्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा होता. जूनमध्ये तो निघाला, तेलंगणातून वळसा घेत, शेतं आणि रस्ते ओलांडत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याचा एकूण प्रवास सुमारे ३,००० किलोमीटर मोजला गेला. जगभर बातमी झाली. आम्हाला त्या वाघाचा राग नाही, उलट कौतुकच आहे. आम्ही एवढंच विचारतो. नऊ महिने हिंडणाऱ्या वाघाचा मुक्काम ज्या यंत्रणेला अचूक सांगता येतो, तिला एकाच जागी चाळीस वर्षं बसलेली बाई कशी सापडत नाही?

गायरान आणि नऊ चौकोन

आता मावशीच्या वावराकडे येऊ. कारण इथं अंतराळाचं तंत्रज्ञान आपल्या बाजूनं उभं राहू शकतं.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो माणसं तुरुंगात गेली. त्या रेट्यातून पडीक आणि गायरान जमिनींचा प्रश्न सरकारला टाळता येईना. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमानुकूल करण्याची वाट ठेवली. तारीख पुन्हा वाचा. १४ एप्रिल १९९०. बाबासाहेबांचं जन्मशताब्दी वर्ष त्या दिवशी सुरू झालं.

नंतर २८ जानेवारी २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल आला, गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेनं दिलेल्या जमिनींचा अपवाद नोंदलेला आहे, पण तो भाग कोणी मोठ्यानं वाचत नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गायरानाचा विषय पुन्हा निघाला आणि राज्यातली दोन लाखांहून जास्त अतिक्रमणं मोजली गेली. ज्यांनी गायरानावर शिक्षणसंस्था आणि गोदामं उठवली त्यांच्याकडे वकील होते. मावशीकडे विळा होता.

मावशीला सिद्ध करायचं आहे की ती १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून पेरते. कागद नाही. दंडाच्या पावत्या कधी मिळाल्या, कधी नाही, मिळाल्या त्या उंदरांनी खाल्ल्या. साक्षीदार म्हातारे होऊन गेले. पण वर एक साक्षीदार होता. अमेरिकेचा लँडसॅट-५ हा उपग्रह १ मार्च १९८४ रोजी गेला आणि त्याच्या मुख्य कॅमेऱ्याचा एकेक चौकोन ३० मीटरचा होता. आपला आयआरएस-१ए मार्च १९८८ चा, म्हणजे त्या तारखेच्या दोन वर्षं आधीचा. लँडसॅटचा जुना संग्रह २००८ पासून जगातल्या कोणालाही फुकट बघता येतो. आयआरएसची चित्रं हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडे आहेत.

हिशोब करा. ३० गुणिले ३० म्हणजे ९०० चौरस मीटरचा एक चौकोन. दोन एकर वावर म्हणजे सुमारे ८,१०० चौरस मीटर. म्हणजे मावशीचं वावर त्या चित्रात नऊ चौकोनांचं आहे. त्या नऊ चौकोनांत मावशी दिसणार नाही, तिची झोपडी दिसणार नाही. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या चित्रात भोवतालचं गवत वाळून पिवळं पडलेलं असताना तिथली कपाशी हिरवी आहे का, आणि उन्हाळ्यात नांगरलेली काळी माती आहे का, हे कळू शकतं. वर्षावर्षांची चित्रं ओळीनं लावली तर ते वावर पहिल्यांदा कधी फुटलं याचा अंदाज बांधता येतो.

आम्ही फुगवून सांगत नाही. नऊ चौकोन हा थोडका पुरावा आहे. कडेचे चौकोन शेजाऱ्याच्या जमिनीत मिसळतात. ढगांमुळं पावसाळ्यातली चित्रं वाया जातात. अर्ध्या एकराचा तुकडा असेल तर दोन-अडीच चौकोनांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून चित्र एकटं द्यायचं नाही. पावती, जबाब, मतदार यादी, शाळेचा दाखला, जे जे असेल त्याच्या सोबत ते जोडायचं. वनहक्काच्या नियमात जे तत्त्व आहे तेच इथंही न्यायाचं आहे. त्यांनी एकटं चित्र दाखवून आम्हाला हुसकू नये, आम्हीही एकट्या चित्रावर जमीन मागणार नाही. पण त्यांच्याकडे चित्र आणि आमच्याकडे फक्त आरडाओरडा, ही स्थिती आता बदलायची.

खोलीत कोण बसलंय?

हे सगळं आपल्याला इतक्या उशिरा का कळलं? कारण जिथं ही चित्रं वाचली जातात त्या खोल्यांत आपण जवळजवळ नाही.

केंद्र सरकारच्या १९७५ सालच्या आदेशानं संशोधन करणाऱ्या किंवा त्याला दिशा देणाऱ्या शास्त्रीय-तांत्रिक पदांपैकी गट-अ मधल्या सर्वांत खालच्या पायरीच्या वरची पदं आरक्षणातून वगळण्याची मुभा खात्यांना दिली. म्हणजे दार थोडं उघडं, जिना बंद. वर कोण बसणार हे 'गुणवत्ता' ठरवणार, आणि गुणवत्ता कोणाची हे वर बसलेले ठरवणार.

किंमत मोजताना मात्र आपली माणसं पुढं होती. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं ते मच्छीमारांनी सोडलेल्या किनाऱ्यावरून. श्रीहरिकोटा बेटावर तळ उभा राहिला तेव्हा तिथल्या यानादी आदिवासींना आपल्या वस्त्या सोडाव्या लागल्या. ज्या बेटावरून चांद्रयान उडालं ते बेट त्यांचं होतं. उड्डाणाच्या आदल्या दिवशी मात्र यानाची छोटी प्रतिकृती तिरुमलाच्या देवळात नेली गेली. संविधानाच्या कलम ५१अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. ज्यांनी पूजा करायची त्यांनी घरी करावी. सरकारी यानाचं श्रेय देवाला आणि विस्थापन आदिवासीला, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट स्वतःला विचारू. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण केळापुरातून गाड्या भरून नागपूरला जातो. दीक्षाभूमीवर डोकं टेकवतो, पुस्तकं घेतो, परत येतो. त्याच नागपुरात १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, इस्रोचं प्रादेशिक केंद्रही आहे. आपल्या जमिनीचे, जंगलाचे, पाण्याचे नकाशे तिथं तयार होतात. पांढरकवड्यापासून चव्वेचाळीस नंबरच्या हायवेनं साधारण दीडशे किलोमीटर. आपल्यातल्या किती जणांनी त्यांचं दार पाहिलंय? आम्हीही २०२३ पर्यंत पाहिलं नव्हतं, हे कबूल करतो.

करायचं काय?

एक. दर गावात निदान दोन पोरं-पोरी उपग्रहाचं चित्र वाचायला शिकल्या पाहिजेत. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट घेते. इस्रोचं भुवन संकेतस्थळ २००९ पासून उघडं आहे. रील बघायला जितका डेटा जातो त्याच्या निम्म्यात हे होतं. बारावी सायन्सच्या पोराला सहा महिने पुरतात.

दोन. तुमच्या जमिनीचा निकाल उपग्रहाच्या चित्रावर लावला गेला, तर माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा. चित्र कोणत्या उपग्रहाचं, कोणत्या तारखेचं आणि एका चौकोनाची लांबी-रुंदी किती. उन्हाळ्यातलं चित्र असेल तर लेखी हरकत घ्या आणि खरिपाचं मागा. ३० जुलै २०२५ रोजी गेलेला निसार हा भारत आणि अमेरिकेचा उपग्रह रडारनं बघतो, ढगांच्या आरपार आणि रात्रीही. यापुढं 'पावसाळ्यात चित्र मिळत नाही' ही सबब ऐकून घेऊ नका.

तीन. ई-पीक पाहणीत प्रत्यक्ष कसणाऱ्याचा रकाना असावा, मग तो गायरानातला असो, वनजमिनीवरचा असो की बटईचा, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेच्या ठरावात आली पाहिजे. जीपीएसला माणूस वावरात उभा आहे हे कळतं. सरकारनं ते लिहून घ्यावं.

चार. आपली हुशार पोरं स्पर्धा परीक्षेच्या रांगेत पंचविशी-तिशी घालवतात. त्यातल्या काहींनी तरी भौतिकशास्त्र, संगणक, भूमाहितीशास्त्र धरावं. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्याची शिष्यवृत्ती आहे, तिच्यावर या विषयांसाठी हक्क सांगावा. १९४२ मध्ये बाबासाहेबांनी जे मागितलं ते मिळवण्याचं काम अजून पुरं झालेलं नाही. आणि १९७५ चा तो आदेश रद्द व्हावा ही मागणी आपल्या मोर्चांच्या फलकांवर यायला हवी.

तिरंग्याचा स्टेटस ठेवणाऱ्या मित्राला आमचं सांगणं, यानाचा अभिमान बाळग, पण ते यान तुझ्याही पैशानं गेलंय, तेव्हा हिशोबही माग. गटाराचा स्टेटस ठेवणाऱ्या मित्राला सांगणं, तुझी चीड राखून ठेव, ती जातीवर काढ, आणि मोकळ्या वेळात नकाशा वाचायला शीक.

मावशीच्या वावराची जुनी चित्रं आम्ही शोधायला घेतली आहेत. आमच्यातल्या दोन पोरी रोज रात्री मोबाइल आणि एका जुन्या लॅपटॉपवर बसतात. नऊ चौकोन शोधणं वाटतं तितकं सोपं नाही. आधी नाल्याचं वळण सापडलं, मग गावचा तलाव, मग विहिरीजवळचा रस्ता. परवा त्यांनी मावशीला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, "हे बघ मावशी, इथं तुझं वावर." मावशी बराच वेळ त्या ठिपक्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दिसते म्हनजे त्यायले आधीपासूनच दिसत होतं. मंग आजपर्यंत काहून नाई सांगतलं?"

हा प्रश्न आता आम्ही मावशीच्या वतीनं ग्रामसभेपासून मंत्रालयापर्यंत विचारणार आहोत. तुमच्या गावात अशा किती मावश्या आहेत ते मोजा, आणि कामाला लागा.

जय भीम. जय संविधान.